सबनीसकाका आणि अकरावीचं गणित

सबनीसकाकांच्या गाडीत बसलात की पहिल्याच सिग्नलला तुम्हाला कळेल, की पुढच्या गाडीचा नंबर हा नुसता नंबर नसतो. ते त्या गाडीवाल्याचं चारित्र्य असतं.

शारजाहून दुबईला जाणारा सकाळचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगते. शारजात घरभाडं कमी, म्हणून अर्धी जनता शारजात राहते. पगार दुबईत, म्हणून तीच जनता रोज सकाळी एकाच वेळी दुबईकडे निघते. गाड्या चालत नाहीत, सरपटतात. लोक तेवढ्यात दाढी करतात, लिपस्टिक लावतात, गावाकडे आईला फोन करून घेतात. सबनीसकाका पुढच्या गाडीच्या नंबरचे अवयव पाडतात.

"दोन हजार सत्तावीस!" स्टिअरिंगवर थाप मारून ते ओरडतात. "मूळ संख्या! एक आणि तो स्वतः, बाकी कुणाचाही भाग जात नाही. हा बाबा आपल्याला आत घेणार नाही. खलास. दुसरी लेन."

आणि खरंच तो माणूस आत घेत नाही. त्या रस्त्यावर कुणीच कुणाला आत घेत नाही, ही गोष्ट काकांच्या शास्त्राला फार सोयीची आहे.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. रास अल खोरमधल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ते एस्टिमेटर आहेत. म्हणजे नकाशा बघून इमारतीला किती सळई, किती सिमेंट लागेल ते सांगायचं. दिवसभर आकड्यांत डोकं घालून माणूस कंटाळत असेल, असं मला आधी वाटायचं. पण काका म्हणजे हलवायाच्या दुकानात काम करून घरी येऊन पुन्हा जिलबी खाणारा माणूस.

माझी मुलगी इरा मुहैस्नाहच्या शाळेत, मी बर दुबईत एका दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट्स सांभाळते, आणि काकांचा ऑफिसचा रस्ता त्याच बाजूचा. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी जिन्यात मला अडवलं. "टॅक्सीनं का जाता? आमच्या गाडीत मागे दोन सीट रोज रिकाम्या जातात. रिकामी सीट म्हणजे शून्य. शून्याला काही अर्थ द्या." तेव्हापासून इरा शाळेच्या गेटपाशी आणि मी मेट्रो स्टेशनपाशी उतरते.

काकांचं जगाकडे बघायचं सूत्र एकच: "भाग जातो का बघ!" हे ते कशालाही लावतात. भाजीवाल्याचा भाव, नवीन साहेबाची मर्जी, कुणाच्या भाचीला आलेलं स्थळ. ज्याच्याशी कुणाचंही जमतं तो माणूस म्हणजे चोवीस. "दोनानं भागा, तिनानं भागा, आठानं भागा, तक्रार नाही." आमच्या बिल्डिंगचा पेशावरी वॉचमन चोवीस आहे. ऐकून न घेणारे लोक मूळ संख्या. आणि सगळ्यांत घातकी प्रकार म्हणजे एक्क्याण्णव.

"एक्क्याण्णव दिसायला मूळ वाटतो," काका सांगतात. "भलेभले फसतात. पण तेरा साती एक्क्याण्णव! योग्य आकडा सापडला, की झाले दोन तुकडे."

बिल्डिंगचा मॅनेजर हा असा एक्क्याण्णव. ऐन उन्हाळ्यात आमचा एसी बंद पडला, तेव्हा हा गृहस्थ "इन्शाल्ला, टुमॉरो" याच्यापुढे सरकेना. मी भांडले, माझा नवरा समीर फोनवरून भांडला, शेजारच्या मल्याळी बाई तर रडल्यासुद्धा. काकांनी चार दिवस त्याचं नुसतं निरीक्षण केलं. पाचव्या दिवशी डबाभर नारळाची वडी घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. संध्याकाळी एसी चालू. "सातचा भाग गेला," काका एवढंच म्हणाले. वड्या काकूंनी केल्या होत्या, त्याचा उल्लेख झाला नाही.

काकूंबद्दल सांगायचं तर, त्या काकांच्या बरोबर उलट. काका बोलत असतात आणि काकू कोथिंबीर निवडत असतात. काकांची पन्नास वाक्यं झाली की त्या एक बोलतात, आणि मग काकांना पुढचं वाक्य सापडत नाही.

तर अशा या सबनीसकाकांच्या गाडीत, गेल्या वर्षी, मी एक विषय काढला.

इरा तेव्हा दहावीत. आपल्याकडे दहावी झाली की सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असा एकच घाव घालतात आणि माणूस मोकळा होतो. इराची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. तिथे दहावी चालू असतानाच पोरांना विचारतात, की पुढच्या वर्षी कोणतं गणित घेणार? कोणतं गणित! मला तर वाटायचं गणित एकच असतं आणि ते आपल्याला येत नाही. पण नाही. एक होतं ऑनर्स प्रीकॅल्क्युलस, म्हणजे हुशारांचं, ज्यातून बारावीत थेट कॅल्क्युलसला जायचं. एक साधं प्रीकॅल्क्युलस. आणि तिसरं स्टॅटिस्टिक्स.

समीर दूर रुवैसच्या प्लांटवर असतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "ऑनर्स. यात डिस्कशन काय करायचंय?" इराला विचारलं, तर ती म्हणाली, "आय डोन्ट नो, आई. लेट मी थिंक." दोन्ही उत्तरं माझ्या काही कामाची नव्हती. म्हणून सकाळी गाडीत, सहज, मी काकांना म्हटलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? इरानं कोणतं गणित घ्यावं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांची मुहैस्नाहची एक्झिट चुकली.

दुबईत एक्झिट चुकणं म्हणजे काय, हे चुकल्याशिवाय कळत नाही. शाळा डाव्या हाताला दिसत होती आणि आम्ही तिला टाटा करत मिर्दिफकडे चाललो होतो. इरा म्हणाली, "काका, आय हॅव अ क्विझ." काकांना ऐकूच आलं नाही. ते आरशात तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा उजळला होता.

"कॅल्क्युलस," ते म्हणाले. "कॅल्क्युलस न शिकता जो शाळा सोडतो ना, तो दुबईत राहून समुद्र न बघता परत जाणारा माणूस."

त्या दिवसापासून आमच्या गाडीची शाळा झाली. काकांनी शाळेच्या वेबसाइटवरून विषयांचं माहितीपुस्तक उतरवून घेतलं आणि ऑफिसात छापून आणलं. लाल शाईनं त्यात अधोरेखित केलेल्या ओळी इतक्या होत्या, की न केलेल्याच उठून दिसत. बिल्डिंगमधली पोरं लिफ्टमध्ये काका दिसले की जिन्यानं जायला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबातला आठवीतला मुलगा एकदा अडकला. तो बाहेर आला तेव्हा त्याला लॉगरिदमचा अर्थ माहीत होता आणि त्याच्या हातातलं आइस्क्रीम विरघळलं होतं.

गाडीत तर विचारूच नका.

"इरा, आत्ता आपला वेग किती?"

"झीरो."

"एका क्षणापूर्वी?"

"झीरो, काका."

"आणि पुढच्या क्षणाला?"

इरानं खिडकीतून समोरची रांग बघितली. "ऑल्सो झीरो. काका, इट्स जस्ट ट्रॅफिक."

खरं म्हणजे कॅल्क्युलस हे बदलत्या गोष्टींचं गणित आहे, असं काकाच सांगत. ते शिकायला शारजा-दुबई रस्त्यासारखी वाईट जागा नाही, कारण तिथे काहीच बदलत नाही. पण काका हटत नव्हते. विशेष म्हणजे इराही कंटाळत नव्हती. घरी मी चार वाक्यं बोलले तर कानात इअरफोन घालणारी ही पोरगी काकांच्या गाडीत ते काढून ठेवायची. वाद घालायची, खिदळायची, काकांना "यल्ला काका, ग्रीन झालाय" म्हणून हाकायची.

एकदा तिनं विचारलं, "काका, सगळ्यांचे नंबर सांगता. मी कोण?"

"तू अजून मोठी होते आहेस. चालू संख्या."

"आई?"

"आई छत्तीस. चोवीसची मोठी बहीण." मला हे कौतुक वाटलं, मी हसले. नंतर लक्षात आलं, की छत्तीसला तर कुणाचाही भाग जातो.

"आणि तुम्ही?"

"मी एक," काका ताबडतोब म्हणाले. जणू उत्तर तयारच होतं. "एक गमतीचा असतो. तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. कुठल्याच घरात बसत नाही. कुणालाही एकानं भागा, काही फरक पडत नाही. जो होता तो तसाच राहतो."

"काका, दॅट्स सो सॅड!"

"सॅड काय त्यात? गणित आहे. बघ, बघ, ही लँडक्रूझर! एक हजार एक! सात गुणिले अकरा गुणिले तेरा! वा!"

आणि विषय लँडक्रूझरच्या मागे निघून गेला.

मग एका सकाळी, मुहैस्नाहच्या अलीकडे, आम्ही नेहमीसारखे अडकून उभे होतो. आजूबाजूला कामगारांच्या बसगाड्या होत्या. तिथल्या लेबर कँपमधून त्या पहाटेच निघतात आणि आमच्यासारख्याच रखडतात. आत निळ्या-करड्या कपड्यांतली माणसं, बरीचशी झोपलेली, डोकी काचेला टेकलेली. काका पुढच्या पिकअपच्या नंबराशी झटापट करत होते. इरा एकदम म्हणाली, "काका, आय हॅव डिसायडेड. मी स्टॅटिस्टिक्स घेणार."

काकांनी ब्रेक दाबला. गाडी उभीच होती, तरी दाबला.

"स्टॅटिस्टिक्स? सरासरी काढणं याला गणित म्हणतात? अगं, सरासरी काढली तर आपल्या बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस अर्धा मल्याळी, पाव पाकिस्तानी आणि उरलेला मराठी निघेल. असा एक तरी माणूस दाखव मला!"

"कॅल्क्युलसमध्ये तर माणसंच नसतात," इरा म्हणाली. "एक कार असते, ती पॉइंट एवरून पॉइंट बीला जाते. कोण चालवतंय, का जातंय, नोबडी केअर्स."

"म्हणून तर ते शुद्ध आहे!"

"मला शुद्ध नकोय." तिचा आवाज चढला होता. "काका, रोज आपण इथे थांबतो. तुम्ही नंबरप्लेट बघता. मी विंडोज बघते. ते लोक रोज किती वेळ बसमध्ये बसतात, मग किती वेळ काम, मग परत बस. झोपतात कधी? कोणीतरी मोजत असेल ना ते? इफ नो वन इज काउंटिंग, समवन शुड. मला ते शिकायचंय. आणि बाबांनी विचारलं नाही, तुम्ही पण विचारलं नाही. एव्हरीवन जस्ट टोल्ड मी."

मी तिला "इरा!" म्हणून दटावलं. तिनं इअरफोन घातले. शाळा आली, ती उतरली, दार जरा जोरात लागलं. मेट्रो स्टेशनपर्यंत समोरून किती गाड्या गेल्या, पण काकांनी एकाही नंबराचा अवयव पाडला नाही. मी उतरताना म्हटलं, "काका, मनावर घेऊ नका. वय आहे." तर ते म्हणाले, "नाही, नाही," आणि गाडीचा इंडिकेटर चालू ठेवूनच निघून गेले.

संध्याकाळी मी माफी मागायला समोर गेले. काका सोफ्यावर माहितीपुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. काकू डायनिंग टेबलाशी वालाच्या शेंगा सोलत होत्या. काकांनी मला बघताच सुरुवात केली. मुलांना पुढचं दिसत नाही, आज नाही घेतलं तर दार बंद होईल, ती हुशार आहे म्हणून सांगतोय, मठ्ठ असती तर बोललो असतो का, समीरलाही हेच वाटतं. बराच वेळ चाललं. काकूंच्या शेंगा संपत आल्या.

मग काकू मान वर न करता म्हणाल्या, "अहो, तुम्हाला एवढं कॅल्क्युलस हवंय, तर तुम्हीच घ्या ना त्या शाळेत प्रवेश. पोरीला कशाला पाठवताय?"

काकांनी पुस्तकाचं एक पान उलटलं, मग तेच परत उलटलं. मी चहा पिऊन घरी आले.

पुढच्या बुधवारी शाळेत विषय निवडायची संध्याकाळ होती. पालकांनी मुलांबरोबर यायचं, कौन्सेलरबाईंशी बोलायचं आणि निर्णय सांगायचा. समीरला यायला जमणार नव्हतं. त्यानं बाईंना आधीच ईमेल करून ऑनर्स हवं म्हणून कळवून टाकलं होतं. मी जाणार होते. पण नेमका दवाखान्यात एक म्हातारा इराणी पेशंट दाढ काढताना चक्कर येऊन पडला. डॉक्टर, नर्स, त्याची तीन मुलं, सगळ्यांना आवरता आवरता मला निघताच येईना. शेवटी काकांना फोन केला. इराशी त्यांचं बोलणं आठवडाभर "गुड मॉर्निंग काका" आणि "बाय काका" एवढंच चाललं होतं. पण दुसरं कोण होतं?

"जातो मी घेऊन तिला," काका म्हणाले. "तू सावकाश ये."

मी टॅक्सीनं पोचले तेव्हा रांग जवळजवळ संपली होती. वर्गाचं दार उघडं होतं. आत कौन्सेलरबाई, हसऱ्या, चष्मेवाल्या. त्यांच्यासमोर मुलांच्या छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीपाशी आलेले सबनीसकाका, इस्त्रीचा निळा शर्ट घालून. शेजारी इरा, टेबलाकडे बघत.

मी आत जाणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या की इराचे मार्क ऑनर्सला पुरेसे आहेत, वडिलांचीही तशी इच्छा दिसते, तेव्हा तेच ठरवू या का?

इरानं मान वर केली नाही. काकांनी घसा साफ केला. मला वाटलं, झालं आता.

"मॅडम," काका आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले, "माय ओपिनियन इज कॅल्क्युलस. हर फादर्स ओपिनियन इज ऑल्सो कॅल्क्युलस. बट वुई टू आर नॉट कमिंग टु युअर क्लास. शी इज कमिंग. सो प्लीज, यू आस्क हर."

बाईंनी इराकडे बघितलं. इरानं काकांकडे बघितलं. काका भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

"स्टॅटिस्टिक्स," इरा म्हणाली. मग बसमधल्या माणसांबद्दल तिनं जे आम्हाला चिडून सांगितलं होतं, ते तिनं बाईंना शांतपणे, नीट सांगितलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. माझ्या घरात राहणारी ही मुलगी इतकं सरळ बोलते, हे मला त्या दिवशी समजलं.

बाई लिहून घेणार, तर काका म्हणाले, "वन मिनिट." आणि मग त्यांनी त्या बाईंची उलटतपासणी घेतली, जुनी गाडी घेताना माणूस बोनेट उघडून बघतो तशी. शिकवणारे सर कोण? इथे किती वर्षं आहेत? वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून मायदेशी जाणार नाहीत ना? या मुलीला बारावीत वाटलं, की आपण कॅल्क्युलसचीही ओळख करून घ्यावी, तर वाट उघडी आहे का बंद? "ओपन," बाई म्हणाल्या. "शुअर?" काका म्हणाले. "शुअर," बाई म्हणाल्या, आणि हसू दाबायला त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

घरी येताना गाडीत इरा पुढे बसली. पहिल्याच सिग्नलला म्हणाली, "काका, समोरची ऑडी. भाग जातो का बघा." काकांनी बघितलं आणि तिथून शारजापर्यंत त्यांची दोघांची तोंडं बंद झाली नाहीत.

वाटेतच समीरचा फोन आला. मी निर्णय सांगितला आणि फोन स्पीकरवर टाकला. "काका, मी तुमच्यावर विसंबून होतो हो!" तो कळवळून म्हणाला.

"समीर," काका म्हणाले, "तुझी पोरगी मूळ संख्या आहे. तू भाग लावून बघितलास, मी लावून बघितला. नाही जात. आता आनंद मान."

समीर दोन शनिवार-रविवार जरा घुश्श्यातच होता. तिसऱ्या आठवड्यात इरानं त्याला त्याच्या प्लांटमधल्या शिफ्ट आणि जागरणांबद्दल इतके प्रश्न विचारले, की तो बोलता बोलता तिला चहा करून द्यायला उठला.

आता इरा अकरावीत आहे आणि स्टॅटिस्टिक्स शिकते आहे. काकाही शिकताहेत, कारण गाडी तीच आहे. त्यांची तक्रार चालूच असते. "हे कसलं गणित? उत्तर येतं 'बहुधा'! बहुधा हे काय उत्तर झालं? माझ्या साहेबाला मी सांगू का, की इमारत बहुधा उभी राहील?" पण परवा भाजीवाल्यानं कलिंगड गोड आहे म्हणून छातीठोक सांगितलं, तेव्हा काका त्याला म्हणाले, "सँपल दाखव." त्याला वाटलं काप मागताहेत. काकांना निदान पाच कलिंगडं कापून हवी होती.

त्या बुधवारची एक गोष्ट मात्र राहिली. ती मला इरानं सांगितली, जेवताना.

शाळेच्या गेटवर गार्डनं त्यांना थांबवलं होतं. आत जायचं तर प्रत्येकाला शर्टावर लावायला एक स्टिकर मिळतो. गार्डनं इराचं नाव विचारलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाला, "फादर?"

"आई, यू नो काका," इरा म्हणाली. "ही करेक्ट्स एव्हरीवन. वेटरचं स्पेलिंग पण सोडत नाहीत. मी वाट बघत होते. पण ते काहीच बोलले नाहीत. मग गार्डनं स्टिकर लिहून दिला. पेरेंट ऑफ इरा."

"मग तू?"

इरानं पोळीचा तुकडा केला. "मी पण नाही बोलले."

मला आठवलं, वर्गातून बाहेर पडल्यावर सगळे पालक ते स्टिकर काढून गेटपाशीच्या डब्यात टाकत होते. काकांनी काढला नव्हता. वाटेत आम्ही सुपरमार्केटला थांबलो, काका दूध आणि पाव घेऊन रांगेत उभे राहिले, कॅशवरच्या फिलिपिनो मुलीशी बोलले, बिल्डिंगच्या वॉचमनला सलाम केला, आणि सगळा वेळ तो पांढरा चौकोन त्यांच्या खिशावर होता. विसरले असतील, असं मला वाटलं होतं.

काही दिवसांनी मी काकूंकडे विरजण मागायला गेले. त्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. कपाटाचं दार उघडं होतं आणि आत हँगरला तो निळा शर्ट होता. स्टिकरची कडा वर आली होती, पण तो होता. माझं लक्ष गेलेलं काकूंनी बघितलं.

"धुवायला काढला, तर म्हणाले राहू दे, मळला नाही," त्या म्हणाल्या. "कॉलर बघ किती मळलीय." आणि त्यांनी उठून कपाटाचं दार हळूच लावलं. "विरजण वाटीत देऊ का डब्यात?"

येत्या आठवड्यात बारावीच्या विषयांची संध्याकाळ आहे. या खेपेला समीरनं मुद्दाम रजा घेतली आहे. काल काका दाराशी भेटले, इस्त्रीचे कपडे आत घेत होते, घरातल्या सपाता पायात. मी म्हणाले, "काका, यंदा तुम्हाला त्रास नाही. समीर येतोय."

"छान, छान," काका म्हणाले. "बापानं यायलाच पाहिजे."

इरा माझ्या मागे उभी होती. मला कळलंही नव्हतं. "आई, व्हॉट आर यू सेइंग? बाबा येतायत, तू येतेस. आणि काका पण येतायत. मी शाळेत विचारलंय. तीन पेरेंट्स चालतात."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग हातातल्या कपड्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "पार्किंग मिळत नाही तिथे. लवकर निघायला लागेल. सांगा समीरला." आणि त्यांचं घर हाताच्या अंतरावर असताना, दार सताड उघडं असताना, सबनीसकाका इस्त्रीचे कपडे घेऊन, सपाता घालून, लिफ्टमध्ये शिरले आणि खाली निघून गेले.